रोडग्याचे चार घास

लातूर,
२ फेब्रुवारी

प्रिय बुद्धप्रिया,

तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र. औसा इथून जवळ आहे आणि तुझ्या गावाला औशाहून जीप जाते, हेही मी विचारून ठेवलं आहे. पण एसटीची पहिली पायरी माझ्या नव्या गुडघ्याला अजून जमत नाही. नाहीतर मी स्वतःच तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते आणि तुला पळायला जागा ठेवली नसती. अक्षर बघून दबकू नकोस. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी बोटांवर पट्टी मारून मारून ते सरळ केलेलं आहे. जिभेचं काम मात्र त्यांच्याकडून राहून गेलं, ते तू वॉर्डात बघितलंच आहेस.

गुडघा ठीक आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून हाकलली जाते, कारण माझी वहिनी रुक्मिणबाई लोह्याहून माझ्याकडे मुक्कामाला आली आहे आणि तिनं ओट्याचा ताबा घेतला आहे. आत्ता समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे आणि मधून मधून विचारते आहे, “काय लिवायलाव वन्सं एवढं?” मी म्हटलं, त्या पोरीला पत्र लिहितेय. तर म्हणाली, “मग माझंबी घाला त्यात. म्हणावं, म्हातारी लई आठवण काढायली.” घातलं. पुढचं माझं.

टाके दाखवायला मी नांदेडला आले, तेव्हा तू वॉर्डात नव्हतीस. मला वाटलं, ड्यूटी बदलली असेल. तुझ्या खोलीत राहणाऱ्या गीतांजलीला विचारलं, तर ती ड्रेसिंगचा ट्रे धरून छताकडे बघायला लागली. जिला खोटं बोलता येत नाही अशा मुलीकडून काही काढून घ्यायचं असेल तर बोलायचं नसतं, नुसतं बघत राहायचं असतं. मी बघत राहिले आणि तिनं सगळं सांगून टाकलं. माझ्या भाच्यानं, शिवशंकरनं, मला घरी सोडलं त्या दिवशी तुझ्याविरुद्ध तक्रार दिली होती. ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं ते नर्सच्या हलगर्जीपणामुळे, पेशंटला उपाशी ठेवायचं आहे हे नातेवाइकांना कुणी नीट सांगितलंच नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावरून तुला मेमो मिळाला. ऑफिसात बोलावलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, की विचारायला माझ्याकडून उशीर झाला. आणि मग बॅग भरून गावी गेलीस. गीतांजलीला सांगून गेलीस, की हे काम मला जमायचं नाही, नोकरी सोडते.

मी ड्रेसिंग अर्धं असतानाच उठायला लागले. गीतांजलीनं मला खांद्याला धरून परत बसवलं. हात चांगला आहे तिचाही.

बुद्धप्रिया, त्या सकाळी काय झालं ते तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. माझ्या बाजूनं कुणी सांगितलेलं नाही. ऐक.

वहिनी मधे घरी जाऊन त्या सकाळी पहिल्या गाडीनं लोह्याहून परत आली होती. माळेगावचा खंडोबा हे तिचं दैवत. नणंदेचा पाय नीट होऊ दे म्हणून ती देवाला नवस बोलली होती, आणि ऑपरेशनच्या आधी देवाचं नणंदेच्या तोंडात पडलं पाहिजे, असा त्या नवसातला तिचा स्वतःचा नियम. खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत लागतं, हे मी तुला सांगायला नको. शिवशंकर कँटीनमध्ये गेला होता, त्याची बायको उज्वला फोनवर होती. वहिनीनं पदराआडून फडकं सोडलं, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि रोडग्याचा घास भरिताला लावून माझ्या तोंडाशी धरला. माझ्या डोक्यावर, भिंतीला, ‘उपाशी ठेवणे’ अशी पाटी तू स्वतःच्या हातानं अडकवली होतीस. मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आहेत. अशा पाटीखाली बसून पेशंटला चोरून चहा पाजणाऱ्या किती नातेवाइकांच्या हातातून मी कप हिसकावले आहेत. एका सासऱ्याची बिस्किटं तर मी खिडकीतून फेकली होती. आणि मी तोंड उघडलं. चार घास खाल्ले. वहिनीचं मन मोडवेना, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

मग तू हिरवे कपडे घेऊन आलीस आणि विचारलंस, “आजी, काही खाल्लं नाही ना?” मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “छ्या. पान्याचा थेंब न्हाई पोटात.” आता तू म्हणशील, म्हातारी खोटं बोलली. नाही. तिथंच तर सगळी गंमत आहे. आमच्या घरात प्रसाद हे खाणं धरत नाहीत. एकादशी असली आणि कुणी हातावर प्रसाद ठेवला, तर तो खायचा आणि उपवास तसाच पुढं चालू. वहिनीच्या हिशेबी माझ्या पोटात अन्न नव्हतंच, देव होता. देवाच्या शपथेवर सांगितलं असतं तिनं, आणि ती शपथ खरी ठरली असती. फक्त भुलीच्या औषधाला हे कुणी सांगायचं? ऑपरेशन चालू असताना ओकारी आली आणि ती फुफ्फुसात गेली, तर रोडगा देवाचा होता की हॉटेलातला, हे फुफ्फुस विचारत नाही.

तू माझ्या कपाळाकडे बघितलंस. भंडारा ताजा होता. “कपडे बदलायचेत, जरा बाहेर थांबा सगळे,” म्हणालीस, पडदा ओढलास आणि माझ्या कानाशी वाकून विचारलंस, “सिस्टर, प्रसाद घेतला का?”

चार दिवस मी तुला बजावत होते, की मला आजी म्हणू नकोस, सिस्टर म्हण. तू हसून परत आजीच म्हणायचीस. त्या वेळी पहिल्यांदा सिस्टर म्हणालीस. मग माझ्याच्यानं काही लपवणं झालं नाही. मी हो म्हटलं. तू किती विचारलंस, कधी विचारलंस, आणि भुलीच्या डॉक्टरांना फोन लावलास. एक शब्द ऐकवला नाहीस मला. ‘तुम्ही स्वतः नर्स असून’ हे वाक्य तुझ्या ओठांवर आलं असणार. मी तुझ्या जागी असते तर ते मी नुसतं म्हटलं नसतं, तीन वॉर्डांना ऐकू जाईल असं म्हटलं असतं. तू ते गिळलंस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि हा शब्द मी सहसा वापरत नाही.

ऑपरेशन थांबलं. सर्जन हैदराबादहून आलेले, ते चिडले. तुझ्यावरच चिडले, कारण समोर तू होतीस. ते गेल्यावर मी म्हटलं, मी शिवशंकरला सांगते खरं काय ते. तू पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलंस. वहिनी बाकावर बसून डोळे मिटून पुटपुटत होती. तू म्हणालीस, “नका सांगू सिस्टर. त्यांना वाटेल आपल्या प्रसादानं वाईट झालं. मनाला लावून घेतील.” म्हणून मी गप्प बसले. शिवशंकरला कुणीतरी कॉरिडॉरमध्ये सांगितलं, की पेशंट उपाशी नव्हता. त्याचं त्यानं गणित मांडलं. वाईट नाही गं तो. ऑफिसातून रजा काढलेला पुरुष आहे. रजा वाया गेली की अशा माणसाला कुणीतरी गुन्हेगार लागतो, आणि हॉस्पिटलात सगळ्यात हाताशी असलेला गुन्हेगार म्हणजे नवी नर्स. डॉक्टरवर ओरडायला घाबरतात, मॅनेजर सापडत नाही, आयाबाई उलटून बोलते. राहिली कोण?

गीतांजलीकडून सगळं कळलं, तेव्हा मी त्याला गाडीत बसल्या बसल्या विचारलं. तो म्हणाला, “आत्या, झालं गेलं. खासगीत असं चालतंच. तिला दुसरीकडे मिळेल नोकरी.” मी म्हटलं, गाडी बाजूला घे. त्यानं घेतली. मग मी त्याला रोडग्यापासून सगळं सांगितलं. मागच्या सीटवर त्याची आई, म्हणजे वहिनीच, बसलेली आहे, हे मी विसरले नव्हते. मला ते तिच्यासमोरच सांगायचं होतं. तुला दिलेला शब्द मी मोडला, पण तुझी नोकरी जात असताना मी तो पाळत बसले असते, तर तो चांगुलपणा नव्हता, आळस होता.

वहिनी मागून पुढं सरकून बसली. मग म्हणाली, “म्हंजी माझ्या रोडग्यानं झालं म्हणा की.” शिवशंकर म्हणाला, तसं नाही आई. ती म्हणाली, “तसंच हाय. तू गप. पोरगी इचारली, म्याच नीट सांगितले न्हाई. गाडी फिरव.” तो म्हणाला, आता ऑफिस बंद झालं असेल. तर म्हणाली, “मग उद्या. मी न्हाई जात लोह्याला.”

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि आम्ही तिघं तुमच्या मॅनेजरसमोर जाऊन बसलो. तू असायला हवी होतीस. तो बिचारा ‘मॅडम, मॅडम’ करत माझ्याशी बोलत होता आणि वहिनीकडे बघतही नव्हता. म्हाताऱ्या लुगड्यातल्या बाईकडे बघायचं नसतं, हे यांना कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे. वहिनीनं त्याच्या टेबलावर हात ठेवला. “साहेब, लिवा. रुक्मिणबाई देविदास पांडागळे, लोहा. परसाद म्या चारला. ती पोरगी इचारली तवा न्हाई म्हणले तेबी म्याच. आमच्यात परसाद खाण्यात धरीत न्हाईत.” तो म्हणाला, “आजी, असं नसतं.” ती म्हणाली, “तुमच्यात नसंल. आमच्यात हाय. मेमो का फिमो काय हाय ते माझ्या नावानं काढा.” शिवशंकर मान खाली घालून बसला होता. मग त्यानं स्वतः तक्रार मागं घेतली. मेमोवर मीही एक नजर टाकली. त्याचं इंग्रजी असं होतं, की कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर बर्नाडेटनं तो लिहिणाऱ्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं. ते मी मॅनेजरला सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण मला बरं वाटलं. मेमो रद्द झाला आहे. तुझी जागा तशीच ठेवली आहे. आता थिएटरला पाठवायच्या आधी तुमच्याकडे सगळ्या मुली दोन प्रश्न विचारतात, असं गीतांजली सांगत होती. काही खाल्लं का, आणि प्रसाद घेतला का. परवा म्हणे एका गृहस्थांनी पहिल्याला नाही म्हटलं आणि दुसऱ्याला सांगितलं, की हो, तीन पेढे.

एवढं सगळं होऊनही, गीतांजलीनं तुझ्या गावी निरोप धाडूनही, तू आली नाहीस. म्हणजे तू मेमोमुळे गेलेली नाहीस. मी थोडाफार अंदाज करू शकते. तू सगळं नीट केलंस, आणि तरी शिव्या तुलाच बसल्या. तुला वाटलं असेल, नीट करून जर हेच, तर करायचं कशाला. हा प्रश्न मला तुझ्या वयात पडला होता, साठीतही पडला, आणि मी त्याचं उत्तर तुला देणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मला जे माहीत आहे ते सांगते.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. ट्रकमधून माणसं यायची. एक बाई आली, पाय चिरडलेला. मी विचारलं, कुठं दुखतंय. ती म्हणाली, मला काही झालं नाही, तिकडं बघा. मी तिकडं गेले. कारण ती म्हणालीच तसं. शेजारच्या खाटेवर तिची सून होती. आमच्या जुन्या मेट्रन मागून आल्या, त्यांनी सुनेची खाट पलीकडे हलवायला लावली आणि त्या बाईला परत विचारलं. तेव्हा तिनं पाय दाखवला. त्या दिवसापासून मला कळलं, की माणसाचं पहिलं उत्तर नर्ससाठी नसतंच. ते खाटेभोवती उभ्या असलेल्या लोकांसाठी असतं. सासूसाठी, नवऱ्यासाठी, पोरासाठी. नर्ससाठी दुसरं उत्तर असतं, आणि ते मिळवायला पडदा ओढावा लागतो. हे मला मेट्रनना बघून कळलं. तुला नोकरीच्या पहिल्या वर्षात कुणी न दाखवता कळलं होतं. मी आयुष्यात कितीतरी नव्या मुली घडवल्या. इंजेक्शन, सलाईन, चादर सगळं शिकवता येतं. वाकून विचारायचा तो आवाज नाही शिकवता येत.

बाकीचं शिकशील. आता पत्र लिहितेच आहे तर सांगून टाकते, पुढं मला आठवणार नाही. ड्यूटीवर जेवून जात जा. उपाशी नर्स दुपारनंतर चिडकी होते, आणि तिचा राग नेहमी सगळ्यात गरीब पेशंटवर निघतो, हे मी बघितलं आहे. बूट चांगले घे, बाकी सगळं साधं असलं तरी चालेल. जे केलं नाहीस त्याच्यावर सही करू नकोस, मग सांगणारा कितीही मोठा असो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. डॉक्टर हसतील, हसू दे, ते हसण्यानं कुणी मरत नाही. पेशंटला खाट नंबर बारा म्हणू नकोस. मला तुमच्याकडे दोन दिवस सगळे खाट नंबर बारा म्हणत होते, आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःच तशी वागायला लागले. आणि तो जो तुमचा हसतमुख राहण्याचा वर्ग घेतात, कोटावर लावायला हसरा बिल्ला देतात, तो मी बघितला. तो बिल्ला फेकून दे, असं मी म्हणणार नाही. तो खिशात ठेव. ज्याचा पोटचा मुलगा आत तपासायला नेलाय, त्याला हसरा चेहरा बघायचा नसतो. त्याच्यासमोर नुसतं उभं राहिलीस तरी पुरे.

आणि एक. तो प्रश्न तुला लोक विचारणार. पहिल्याच दिवशी माझ्या वहिनीनं विचारला होता, “कुणाची हायेस गं पोरी?” तो कशासाठी विचारतात हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. नाव सांगितलं की मग आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव विचारतात, आणि मग पाण्याचा ग्लास घ्यायचा की नाही ते ठरवतात. मला राग आला होता, पण तू सलाईनची गती बघत शांतपणे म्हणालीस, “नर्सिंग कॉलेजची, आजी.” मी चादरीत तोंड घालून हसले. नंतर तिनं तुझ्याच हातून पाणी घेतलं, गोळ्या घेतल्या, डोक्याला तेल लावून घेतलं. काल म्हणाली, “वन्सं, ती पोरगी इकडं आली तर माझ्या हातचं खाईल का?” पंच्याहत्तरीत ही बाई तो प्रश्न पहिल्यांदा उलटा विचारते आहे. तिला काय सांगू, ते तू ठरव.

तुझ्या आईला तू परत आलीस म्हणून हायसं वाटलं असेल. पोर घरी आहे, शेतात सोबत येते, कुणी ओरडत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग, की मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांची लेक आहे ती. मला लेक नाही, म्हणून मी असं परक्या मुलीला पत्र लिहून हट्ट करते आहे.

वहिनी उठून आत गेली आहे, म्हणून आता लिहिते. मी तो रोडगा वहिनीचं मन राखायला खाल्ला नव्हता. वहिनीचं मन मी गेली पन्नास वर्षं रोज मोडते आहे, एक दिवस अजून मोडलं असतं. मी घाबरले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, विज्ञानाची परीक्षा दिली, मेलेल्या माणसांची तोंडं पुसली, आणि त्या सकाळी मला कुणाचाही देव चालला असता. मी हे शिवशंकरला सांगितलं नाही, सर्जनना सांगितलं नाही. तू मात्र पडदा ओढून विचारलंस, तेव्हा नुसता रोडगा विचारला नाहीस, असं मला अजून वाटतं. पुढं ऑपरेशन होईपर्यंत दोन दिवस तू निमित्त काढून येत होतीस. ताप बघायला, उशी बदलायला. ताप नव्हता मला.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. डाव्या गुडघ्याचंही ऑपरेशन करायचं ठरलं आहे, होळीनंतर. मी शिवशंकरला हो म्हटलं आहे, सर्जनना हो म्हटलं आहे, फोनवर सगळ्यांना सांगते आहे की त्यात काय एवढं. पण तुला आठवतं का, उजव्याच्या वेळी तू ट्रॉलीबरोबर थिएटरच्या दारापर्यंत चालत आलीस? मी आडवी होते, वरचे दिवे एकामागून एक मागं जात होते. अशा रस्त्यावरून मी शेकडो माणसं नेली आहेत आणि वर काय दिसतं ते मला कधी माहीत नव्हतं. मी चादरीखालून हात काढून तुझ्या कोटाचं टोक धरलं होतं. तुला कळलं होतं, कारण दारापाशी तू थांबलीस आणि मी सोडेपर्यंत हलली नाहीस. बुद्धप्रिया, नर्सिंगला तुझी गरज आहे, समाजाला आहे, असलं काही मी लिहिणार नाही. तसलं निरोप समारंभात बोलतात. मला आहे. होळीनंतर मला त्या दारापर्यंत जायचं आहे आणि मी एकटी जाऊ शकत नाही. तू परत ये.

तुझीच,
सत्यशीला सिस्टर